नव्या फादरांचा पहिला रविवार

साडेसातची मिस्सा आज आठला आहे, पण ही बातमी निम्म्या लोकांपर्यंत पोचलेलीच नाही. त्यामुळे सव्वासातलाच आवार भरलंय आणि कडुलिंबाखालची सावली वाटून संपली आहे. जून अर्धा उलटलाय. पावसाने सुरतेला दोनदा हूल दिली, आता नुसता घाम. ताईने हार ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलाय आणि दर दोन मिनिटांनी पिशवी उघडून ती त्याची विचारपूस करते आहे.

फाटकावर गुजरातीत बॅनर लावलाय. नव्या सभापुरोहितांचं, म्हणजे प्रमुख फादरांचं, हार्दिक स्वागत, आणि शेजारी फोटो. फोटोतल्या फादरांना मिशी नाही आणि डोक्यावर भरपूर केस आहेत. बॅनरखाली उभे असलेल्या फादरांचं नेमकं उलट आहे. एक पोरगा आधी वर बघतो, मग खाली बघतो आणि आईला विचारतो, “ये वही है क्या?” आई त्याच्या पाठीत चापटी मारते. फादरांनी ऐकलंय. “वही है,” ते हसून सांगतात, “फोटो दीक्षेच्या दिवसाचा आहे. ऑफिसात तेवढाच सापडला.”

फादर चाळिशी ओलांडलेले, गामीत आदिवासी समाजातले, व्यारा बाजूच्या एका खेड्यातले. व्यारा २००७ पासून वेगळ्या तापी जिल्ह्यात गेलं, त्यामुळे कागदोपत्री ते या जिल्ह्याचे नाहीत. याआधी त्यांची बरीच वर्षं डांगात गेली. तिथली पॅरिश म्हणजे डोंगरात विखुरलेली गावं, एक मोटारसायकल आणि पावसाळ्यात बंद पडणारे रस्ते. शहरात नेमणूक पहिल्यांदाच. गुरुवारी रात्री ते इथे पोचले, तोवर आधीचे फादर नव्या जागी निघून गेले होते. कॅथलिक फादरांची बदली अशीच होते. आदल्या रविवारी निरोपाचं भाषण, शाल, रडारड, मग दोन पेट्या आणि पुस्तकांचं एक खोकं घेऊन माणूस रवाना. पाच-सहा वर्षं ज्यांच्या घरची बारशी, लग्नं आणि मयतं केली, त्यांना परत भेटायला यायचं तेही बेताने, नाहीतर नव्या माणसाचे पाय रोवले जात नाहीत.

मी वसईचा. आमच्याकडे नवे फादर येतात तेव्हा फाट्यापासून बँड असतो, म्हाताऱ्या बाया लाल लुगडी नेसून पुढे असतात आणि फादरांचं आडनाव कळलं की तासाभरात त्यांचं आजोळ शोधून काढलं जातं. अख्खं गाव एका भाषेत बोलतं, एका बोलीत भांडतं. फादरांना पॅरिश आयती मिळते. इथे तसं काही नाही. ताई लग्न होऊन सुरतेला आली त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी या आवारात तिला नावानिशी ओळखणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकीच. “रविवारी बघतो एकमेकांना,” ती म्हणते, “राहतो कुठे ते विचारायचं राहून जातं.”

कान देऊन ऐकलं की आवाराचे तुकडे कळू लागतात. पाण्याच्या पिंपाजवळ गामीत आणि चौधरी बाया आहेत, गुजराती आणि आपापली बोली यांच्यात ये-जा करणाऱ्या. भिंतीला टेकलेली पोरं झारखंडची. सादरीत सुरू करून हिंदीत संपवतात. ओडिशाच्या गंजाम, गजपती बाजूचे लूम कामगार थेट रात्रपाळीवरून आलेत. बारा तासांची पाळी संपवून, कानात अजून यंत्रांचा खडखडाट, त्यामुळे ते गरजेपेक्षा मोठ्याने बोलतात. दोन तमिळ कुटुंबं, एक गोव्याचे निवृत्त गृहस्थ कडक इस्त्रीत. मल्याळी मंडळी पूर्वी जास्त होती म्हणे. २०१७ मध्ये रोमने सिरो-मलबार पंथाला भारतभर आपापल्या पॅरिश उभारायची मोकळीक दिली, तेव्हापासून त्यांचे फादर वेगळे. तरी दोन नर्सबाई इथेच येतात. इथली मिस्सा लवकर सुटते आणि ड्यूटी गाठता येते, हे कारण त्या लपवत नाहीत.

आणि मराठी? मराठी माणसांनी हे शहर भरलेलं आहे. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेश उतरलाय आणि महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. पण त्यातले कॅथलिक किती? या आवारात मला चार घरं सापडतात. एक नंदुरबारचं, दोन नगरकडची आणि एक आमच्या ताईचं.

आत पुढे सतरंज्या, मागे बाकडी. चपला बाहेर काढायच्या. डीन, म्हणजे या भागातल्या पॅरिशांवर देखरेख करणारे फादर, शेजारच्या मोठ्या पॅरिशमधून आलेत. मिस्सा सुरू होण्याआधी ते बडोद्याहून आलेलं नेमणुकीचं पत्र वाचतात. बडोद्याचा धर्मप्रांत १९६६ चा. त्याआधी हा मुलूख मुंबईच्या आर्चबिशपांच्या हाताखाली होता, म्हणजे वसई आणि सुरत एकाच छत्रीत. आता बडोद्याच्या गादीवर पिलार संस्थेचे गोंयकार बिशप आहेत, २०२२ मध्ये नेमलेले. पत्र इंग्रजीत आहे, सरकारी पत्राइतकंच कोरडं. कलम, दिनांक, मुदत. डीन वाचून झाल्यावर घडी घालून खिशात ठेवतात, मग लक्षात येतं की ते पॅरिशच्या फायलीत लावायचंय. खिशातून पुन्हा बाहेर.

मग शपथ. फादर बायबलवर हात ठेवतात, आधी श्रद्धाप्रकटन आणि मग निष्ठेची प्रतिज्ञा. हे सगळं गुजरातीत. त्यांचा आवाज बारीक आहे आणि माईक जुना, त्यामुळे मागच्या बाकड्यांना फक्त घरघर ऐकू येते. झारखंडची पोरं उगाच मान डोलावतात.

चाव्यांचं ताट पुढे येतं तेव्हा मात्र सगळे टाचा उंचावतात. स्टीलच्या ताटात पांढरा रुमाल आणि त्यावर एक जाडजूड जुडगा. मी बाजूच्या दाराशी उभा आहे, त्यामुळे तो मला अगदी जवळून दिसतो. पंधरा-सोळा चाव्या असतील. काहींना जखमेवर लावायची चिकटपट्टी गुंडाळून त्यावर पेनाने गुजराती अक्षरं लिहिलीत. टाकी, शेड, मीटर, पेटी. एकीवरचं अक्षर घामाने पुसलंय. दोन चाव्या तर गंजून एकमेकींना चिकटल्यात, त्यांची कुलपं केव्हाच गेली असणार, पण चाव्या फेकायचा धीर कुणाला झालेला नाही. याच लोखंडी गर्दीत लाल दोरा बांधलेली एक छोटी पितळी चावी आहे. ती ख्रिस्तशरीर ठेवतात त्या कपाटाची, टॅबरनॅकलची. डीन नेमकी तीच वर काढून फादरांच्या तळहातावर ठेवतात आणि बाकीचा जुडगा वेदीसेवक मुलाच्या हाती देतात. जुडगा जड निघाल्याने पोरगा दचकतो.

यानंतर फादरांना जागा दाखवायच्या असतात. बाप्तिस्म्याचं कुंड, पापनिवेदनाची जागा, टॅबरनॅकल. चर्च लहान आहे, त्यामुळे ही प्रदक्षिणा तीन मिनिटांत संपते. पापनिवेदनाच्या लाकडी खोक्यात एक पंखा, दोन तुटक्या खुर्च्या आणि नाताळच्या गोठ्यातला गवताचा भारा सापडतो. डीन बघून न बघितल्यासारखं करतात. फादर मात्र वाकून गवताला हात लावतात आणि मागच्या बाईंना काहीतरी विचारतात. ओलं झालंय का, असं असावं. शेवटी घंटा. दोरी ओढताच पहिला टोल चुकतो, दुसरा बसतो. पिंपाजवळच्या बाया टाळ्या वाजवतात.

सुरतेला पाद्री काही नवे नाहीत. गावात कापुचिन संघाचे फ्रेंच पाद्री सतराव्या शतकातच वस्तीला होते आणि त्यांच्यातले फादर अँब्रोझ यांचं नाव मराठी माणसाला माहीत असायला हवं. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा या पाद्रीबाबाच्या घराला धक्का लागला नाही. पाद्री भले लोक आहेत, त्यांना त्रास देऊ नये, असा हुकूम होता, असं फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच डॉक्टर-प्रवाशाने लिहून ठेवलंय. डच कंपनीच्या एका मरण पावलेल्या दलालाचं घरही असंच वाचलं, कारण तो दानधर्म करणारा होता. दोन्ही घरांत एक गोष्ट सारखी दिसते. गावात त्यांना लोक ओळखत होते आणि त्यांचं नाव चांगलं होतं. लूट करायला निघालेल्या फौजेपर्यंत असं नाव पोचायला माणसाने किती घरांच्या पायऱ्या चढलेल्या असाव्या लागतात, हा हिशेब मला नेहमी भुरळ घालतो. ताईला हे सांगितलं तर ती म्हणते, “आता प्रवचन ऐक.”

प्रवचन छोटं आहे. मागचा रविवार पेंटेकॉस्टचा होता. शिष्य बोलू लागतात आणि देशोदेशीच्या माणसांना ते आपापल्या भाषेत ऐकू येतं, तो प्रसंग त्या दिवशी वाचतात. फादर एक आठवडा आधी आले असते तर प्रवचनाचा विषय आयता मिळाला असता. आज पवित्र त्रैक्याचा रविवार, म्हणजे भल्याभल्या धर्मगुरूंची बोबडी वळवणारा दिवस. फादर त्या वाटेला जातच नाहीत. गुजरातीत ते एवढंच सांगतात की रविवारची एक मिस्सा प्रमुख फादरांनी आपल्या सगळ्या पॅरिशसाठी करायची असते, तिच्यासाठी कुणाकडून दक्षिणा घ्यायची नसते, असा नियम आहे. “आजची तीच आहे. तुमच्यासाठी. पण तुम्ही कोण, ते मला अजून माहीत नाही.” मग तेच हिंदीत. मग थोडं थांबून ते तिसऱ्यांदा बोलतात आणि मी ताईकडे बघतो. हे मराठी आहे. म्हणजे पुरतं नाही. डांगातल्या कुकणा बोलीच्या अंगाने जाणारं, क्रियापदांना वेगळीच शेपटी लावणारं, पण एक शब्द सुटत नाही. नगरच्या मावशी सतरंजीवर ताठ बसतात. पदर सारखा करतात, शेजारच्या चौधरी बाईला कोपराने ढोसतात आणि पुढचा अर्धा तास फादरांवरची नजर हलवत नाहीत.

मिस्सेनंतर शेडमध्ये चहा, खमण आणि नानखटाई. डचांच्या बेकरीतून ही नानखटाई सुरतेच्या पारशांकडे आली अशी इथली आख्यायिका आहे. फादर कुठल्याच बशीला हात लावत नाहीत, कारण हात मोकळा नाही. रांग लागलीय. हार गळ्यात पडतो, गळ्यातून काढून सिस्टरांच्या हातात जातो, पुढचा पडतो. ताईचा हार शेवटी ओल्या फडक्यासकटच पडतो. आणि प्रत्येक हाराबरोबर एक मागणी. हिंदी मिस्सा महिन्यातून दोनदा तरी. पोरांचा धर्मशिक्षणाचा वर्ग ट्यूशनच्या आड येतो, तेवढा हलवा. दफनभूमीतलं गवत. गोव्याचे गृहस्थ हलक्या आवाजात सुचवतात की गायनवृंदाला सूर नाही. गायनवृंदातल्या बाई दोन माणसं सोडून मागेच उभ्या आहेत, त्या सुचवतात की काही लोक फक्त तक्रारी करतात.

फादर सगळ्यांना एकच प्रश्न विचारतात, “राहता कुठे?” उत्तर आलं की खिशातल्या छोट्या वहीत लिहितात. खांबाला टेकून मी ही वही बघतो. पांडेसरा, गल्लीच्या तोंडाशी लाल पाण्याची टाकी. उधना, तिसरा मजला, जिना मागून. भेस्तान, हनुमान मंदिराला विचारा. नावापेक्षा खुणा जास्त आहेत. डांगात हीच पद्धत असावी, कारण तिथेही गाव सापडतं ते झाडावरून आणि ओढ्यावरून.

दहाच्या सुमारास ऑफिस उघडतं. लोखंडी कपाट, येशूचं कॅलेंडर, आणंदहून येणाऱ्या ‘दूत’ मासिकाचे गठ्ठे. टेबलावर काचेखाली आधीच्या फादरांनी लिहून ठेवलेली यादी आहे. फादर ती मोठ्याने वाचतात आणि मला हिंदीत समजावून सांगतात, कारण मला काहीतरी काम हवंय असं त्यांना वाटतं. टाकीचा व्हॉल्व्ह उलटा फिरतो. सिव्हिल हॉस्पिटलला दर शुक्रवारी. वॉर्डात आधी सिस्टरांना भेटा. पिवळ्या घरातल्या आजींना ऐकू येत नाही, मोठ्याने बोला, आणि शेव देतील ती खाल्लीच पाहिजे. इलेक्ट्रिशियन चांगला आहे पण आगाऊ पैसे देऊ नका. अशी दीड पानं. माझ्या मते बिशपांच्या पत्रापेक्षा नेमणुकीचा खरा कागद हाच, फक्त याच्यावर शिक्का नाही.

बाप्तिस्म्याचं रजिस्टर कपाटाच्या खालच्या खणात आहे. फादर ते दोन्ही हातांनी उचलतात. कापडी बांधणी, लाल पाठ आणि पानं लाटांसारखी वाकडी झालेली. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचं पाणी सुटलं आणि सुरत बुडाली, तेव्हा हे कपाटही बुडालं होतं. कुणीतरी एकेक पान पंख्याखाली वाळवलंय. निळी शाई फुगून ढगासारखी पसरलीय, बॉलपेनच्या नोंदी मात्र जशाच्या तशा. प्रत्येक पानाला डावीकडे रुंद समास सोडलेला असतो. बाप्तिस्मा झालेल्या माणसाचं पुढे दृढीकरण झालं, लग्न झालं, की ते जिथे झालं त्या पॅरिशने इथे कळवायचं आणि इथल्या फादरांनी समासात नोंद करायची, असा जगभरचा नियम. वसईतल्या आमच्या रजिस्टरात हे समास गच्च भरलेले असतात. बाप्तिस्मा तिथेच, लग्न तिथेच, दफन तिथेच. इथे पानामागून पान समास कोरा. मूल इथे बाप्तिस्मा घेतं, बापाची मिल बंद पडते किंवा कंत्राट संपतं, घर हलतं आणि पोरगं कुठल्या राज्यात मोठं झालं ते कळवणारं कुणी उरत नाही. मध्येच एखादी नोंद सापडते. विवाह, खुंटी. विवाह, मांडवी. विवाह, दुबई.

फादर समासावरून अंगठा फिरवतात आणि विचारतात, “यातले अजून इथे किती असतील?” उत्तर द्यायला ऑफिसात मी आणि भिंतीवरची पाल, दोघेच.

दारात एक तरुण येऊन उभा राहतो. ओडिशाचा, पंचविशीचा, मनगटावर तेलाचा डाग. लग्न करायचंय. मुलगी गावाकडची, हिंदू, तीही आता इथे साडीवर खडे चिकटवायचं काम करते. तिच्या घरच्यांना वाटतंय की चर्चमध्ये लग्न म्हणजे तिला ख्रिश्चन करणार. फादर त्याला बसायला सांगतात, पाणी देतात. मग सावकाश हिंदीत सांगतात की मुलीने धर्म बदलायची काही गरज नाही. अशा लग्नाला बिशपांकडून खास सूट घ्यावी लागते, ती अर्ज करून मिळते. त्याची स्वतःची श्रद्धा आणि पुढे मुलांचं काय, याबद्दल त्याला लेखी द्यावं लागेल, तिला नाही. “तिच्या आईवडिलांना घेऊन ये. मी सांगतो त्यांना. कागद पण दाखवतो.”

तो गेल्यावर फादर दार अर्धवट लोटतात. गुजरातेत धर्मांतराचा कायदा २००३ पासून आहे. ज्याच्या हातून धर्मांतर होणार, त्यानेच आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात लग्नाचाही विषय आणला आणि त्यातल्या बऱ्याच कलमांना हायकोर्टाने त्याच वर्षी आंतरधर्मीय विवाहांपुरती स्थगिती दिली. फादर हे वकिलासारखं नाही, हवामान सांगावं तसं सांगतात. १९९८ च्या नाताळात डांगातली प्रार्थनाघरं जाळली गेली, तेव्हा ते शाळेत होते. पुढे जिथे नेमणूक झाली, तिथल्या लोकांकडून त्यांनी त्या दिवसांतल्या गोष्टी ऐकल्यात. मी लिहिणार आहे हे कळल्यावर ते म्हणतात, “लिहा की. पॅरिशचं नाव नका घालू. माझं तर नकोच.” तेवढ्यात सिस्टर खमणाची बशी आत सरकवतात आणि फादर सकाळपासूनचा पहिला घास घेतात.

चारला ऊन कलल्यावर नगरच्या मावशींकडे जायचं ठरतं. वाट मला माहीत आहे, म्हणजे ताईने सांगितलीय, म्हणून मी फादरांच्या गाडीवर मागे बसतो. रेल्वेच्या पुलापलीकडे पाट्या बदलू लागतात. आधी गुजराती आणि हिंदी, मग मराठी. शेवभाजीचं हॉटेल, भरताची वांगी मांडलेली गाडी, गणेश मंडळाच्या वर्गणीचा फलक, कुठल्याशा मोबाइलवर अहिराणी गाणं. तापी खोऱ्यातली रेल्वे उधन्याहून निघून जळगावला जाते, पण ती खरं तर माणसं इकडे आणायलाच टाकली असावी असं या गल्लीत शिरल्यावर वाटतं. फादर गाडी सावकाश चालवतात. डांगातल्या वळणांची सवय, हॉर्न प्रत्येक कोपऱ्यावर.

घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली आणि वर पोटमाळा. दारावर क्रूस, त्याला प्लास्टिकचा हार. आत पडदा लावून खोलीचे दोन भाग केलेत. पडद्यामागे मावशींचे यजमान झोपलेत, डाइंग मिलमध्ये रात्रपाळी असते त्यांची. फादर हे कळताच आवाज उतरवतात, पण मावशी कुजबुजायच्या फंदात पडत नाहीत.

“झोपू द्या, त्यांना भोंगा झाला तरी जाग येत न्हाई. बसा फादर. लई दिवसांनी घरात फादर आले बघा. आधीचे फादर चांगले होते, पण माझं त्यांना समजायचं न्हाई आन् त्यांचं मला.”

फादर कॉटच्या कडेला बसतात. मावशी हरेगावच्या बाजूच्या. दर सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा भरते, श्रीरामपूरकडे पायी दिंड्या निघतात, अठरापगड माणसं नवस फेडायला येतात. मावशींचं शेवटचं जाणं कधी झालं ते त्या पोराच्या इयत्तेवरून मोजतात. तो तेव्हा दुसरीत होता, आता नववीत आहे. पोरगा दारात उभा आहे. आठवीपर्यंत महापालिकेच्या मराठी शाळेत होता, आता गुजराती माध्यमात. आईशी मराठीत बोलतो, बहिणीशी हिंदीत, आणि मोजायला लागला की गुजरातीत मोजतो. फादर त्याला विचारतात की वेदीसेवक होशील का. तो मला बघतो, आईला बघतो, मग विचारतो, “लवकर उठावं लागतं का?”

“लागतं,” फादर सांगतात.

“मग बघतो.”

मावशी त्याच्यावर डोळे वटारतात. फादरांना मात्र हे उत्तर पसंत पडलेलं दिसतं.

भिंतीतल्या फळीवर मतमाउलीची तसबीर आहे. तिच्यामागे एक वही खोचलीय. मावशी ती काढून देतात. नोव्हेनाच्या प्रार्थना हाताने उतरवून घेतलेल्या, सासूच्या अक्षरात, काही शब्द पुन्हा गिरवलेले. इथे मराठीत नोव्हेना होईल का, हे त्यांना विचारायचंय. सकाळच्या रांगेत हार घालून त्या नुसत्याच बाजूला झाल्या होत्या. तिथे इतक्या लोकांत हे काय मागायचं, चार घरांसाठी?

फादर वही चाळतात. वाचता येतं त्यांना. देवनागरी आहे, शब्द ओळखीचे आहेत, मध्येच अडखळतात आणि पोराला विचारतात. पोरगा बघता बघता जवळ येऊन बसतो. चर्चमध्ये जमेल की नाही ते आत्ताच सांगता येणार नाही, ते म्हणतात, पण चारच घरं असतील तर एकेका आठवड्याला एकेका घरी बसता येईल. ते स्वतः येतील. वाचायला तुम्ही, मी उत्तरं देईन, मला सवय होईपर्यंत.

मावशींना ते एकदम मान्य. वार ठरवायला बसतात. मंगळवार नको, बाजाराचा. गुरुवारी नंदुरबारवाल्यांची दुसरी पाळी. बुधवार चालेल. फादर वहीत बुधवार लिहितात आणि पुढे सहा.

“सहाला नको फादर, सहाला पाणी येतं. गल्लीत एक बाई जागची हलायची न्हाई.”

सहा खोडून सात.

पडद्यामागून जाड, झोपेने भरलेला आवाज येतो. “सातला मी निघतो. मग मी कधी यायचं?”

मावशी पडद्याकडे बघतात. फादर पेन कानामागे ठेवतात, पडदा थोडा सरकवतात आणि आत डोकावून विचारतात, “काका, तुमची सुटी कोणत्या वारी?”